नऊशे जीबीचं लग्न आणि आरपार वारा

माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीला एकूण सतरा भोकं होती. मी पालथी पडून, दातांत टॉर्च धरून ती मोजली. यूएसबीची चार, त्यांतलं एक वाकडं, एक लहरी. कीबोर्ड-माउसची जुनी गोल दोन. आवाजाची तीन, त्यांतल्या निळ्याचा उपयोग मला आजवर कुणी सांगितलेला नाही. मॉनिटरची दोन, इंटरनेटचं एक, विजेचं एक. जुन्या प्रिंटरचं एक लांबट. त्यात आईची केसांची पिन सापडली. पंख्याची जाळी एक. आणि तळाशी पत्र्याच्या पट्ट्यांनी झाकलेल्या दोन रिकाम्या खाचा. याशिवाय पेटीच्या डोक्यावर बोरका मावशींनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. त्याची भोकं धरली तर संख्या चारशेच्या पुढे जाते, म्हणून धरली नाहीत.

मोजायची वेळ आली तीही बोरका मावशींमुळेच.

सर्बियातल्या वर्शाट्स गावी आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोनच घरं आहेत. पूर्वेकडचं आई आणि मी यांचं, पश्चिमेकडचं मावशींचं. मध्ये जिना, आणि दारं अगदी नाकासमोर नाक. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन परतले तेव्हापासून इमारतीतले लोक मला शास्त्रज्ञ म्हणतात आणि बिघडलेल्या इस्त्र्या आणून देतात. त्या दिवशी मावशी इस्त्रीऐवजी कॉफीचं भांडं घेऊन आल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"स्लावाला स्त्राहिन्या येतोय," त्या म्हणाल्या. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी बोलावणं कुणालाच नसतं आणि येतात सगळेच. स्त्राहिन्या हा मावशींचा एकुलता एक मुलगा, व्हिएन्नात असतो. "डिस्क आणतोय. सगळं लग्न आहे तिच्यात. तीन तीन कॅमेऱ्यांनी काढलेलं."

"मग छानच की."

"छान कसलं डोंबलाचं! जेवायला येणार आणि संध्याकाळी सातच्या मिनीबसने परत. डिस्कही परत. सुनेच्या भावाची आहे ना ती, त्या गेर्नोटची. लग्नांचे व्हिडिओ काढतो तो. आता म्हणे सोमवारी पुसणार आणि दुसऱ्या कुणाचं तरी लग्न भरणार. माझ्या मुलाचं लग्न पुसून!"

"पण तो नीट कापून-जोडून देणार होता ना?"

"दीड वर्ष देतोय."

हे दीड वर्ष काय आहे ते सांगायला हवं. स्त्राहिन्याच्या लग्नाला निघताना मावशी नवा निळा ड्रेस घेऊन व्हिएन्नाच्या बसमध्ये बसल्या. पुढच्या रांगेतल्या कुणा माणसाने छताची झडप उघडली. मागची एक खिडकी आधीच उघडी होती. समोरासमोरच्या दोन उघड्या जागांमधून जो वारा आरपार जातो त्याला आमच्याकडे प्रोमाया म्हणतात, आणि त्याने माणसं मरतात. हे मी म्हणत नाही, बाकीचे सगळे म्हणतात. मानदुखी, दातदुखी, मूतखडा, वाकडं तोंड, मुलाचं गणितात नापास होणं, सगळ्याच्या मुळाशी कुठेतरी एक उघडी खिडकी असते. हंगेरीच्या सीमेपर्यंत मावशींची मान अशी आखडली की पासपोर्टवाल्याकडे त्यांना बघता येईना. त्यांना उतरवून घेतलं. तिकडे मुलगा चर्चमध्ये उभा होता तेव्हा मावशी सीमेवरच्या गावातल्या दवाखान्यात गळ्याला पट्टा बांधून पडल्या होत्या, आणि निळा ड्रेस खुंटीला लटकत होता.

तेव्हापासून त्यांची मान डावीकडे नीट वळत नाही. मी शाळेच्या कोनमापकाने ती मोजलीही होती: उजवीकडे बहात्तर अंश, डावीकडे चाळीस. माझं म्हणणं असं, की हे सगळं मनाचं आहे. वारा लागून माणसाची मान वाकडी होते याला पुरावा नाही. हे म्हणणं मी एकदा जिन्यात उभं राहून मांडलं. त्या आठवड्यात आम्हाला कुणी कॉफीला बोलावलं नाही.

"किती मोठं आहे ते लग्न?" मी विचारलं.

"नऊशे म्हणाला."

"नऊशे काय?"

"मला काय माहीत! पाहुणे तर ऐंशीच होते."

नऊशे जीबी. माझ्या चार भोकांमधून सेकंदाला एकतीस मेगाबाइट आत येतात. म्हणजे लग्न आत यायला आठ तास. आणि मुलगा घरात असणार फार तर पाच.

"मावशी, त्या वेळात अर्ध्याहून थोडं जास्त लग्न येईल."

मावशींनी कप खाली ठेवला. "कुठलं अर्धं?"

मी चार वर्षं विद्यापीठात काढली आहेत. मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

*

उपाय सोपा होता, आणि मी तो सोपा आहे असं मोठ्याने म्हणाले ही माझी पहिली चूक. रिकाम्या खाचेत बसवायचं एक बोटभर कार्ड मिळतं. ते बसवलं की पाठीला दोन नवी भोकं येतात, आणि ती जुन्यांच्या तिप्पट-चौपट वेगाने माहिती आत घेतात. आमच्या गावातल्या दुकानदाराने "अशी मशिनं लोक आता फेकतात" एवढंच सांगितलं. म्हणून मी ते परदेशातून मागवलं.

ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या झिवोराद काकांपर्यंत पोचायला कार्डापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागला. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेत आणि तारेतून जाणारी प्रत्येक गोष्ट आपल्या खात्यातली समजतात.

"कार्डबिर्ड काही नको," ते म्हणाले. "पाणी आणि माहिती एकच. पाइप जाड कर. माझ्या गॅरेजमध्ये अंगठ्याएवढी केबल आहे, नेतेस?"

"काका, ती टेलिफोनच्या खांबाची आहे."

"मग? तिच्यातून अख्खं गाव बोलायचं. एक लग्न जाणार नाही?"

पाकीट आलं, पण घरी नाही. शेजारच्या मोठ्या शहरात सीमाशुल्काच्या खिडकीवर स्वतः हजर राहा, अशी सूचना आली. खिडकीत एक बाई चीज भरलेला बुरेक खात बसल्या होत्या. एका हातात तेलकट कागद, दुसऱ्या हातात माझं कार्ड.

"काय करते ही वस्तू?"

"ये-जा वेगवान करते."

"कुणाची?"

"माहितीची."

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुठून कुठे?"

"बाहेरून आत."

"आणि आतून बाहेर?"

"तेही करते, पण मला नकोय."

बाईंनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, हलवून कानाशी धरलं. "याला वायर दिसत नाही."

"वायर वेगळी लावायची असते."

"म्हणजे आत्ता बिनतारी आहे."

"नाही हो! तारेशिवाय ते चालतच नाही."

"पोरी, तार नाही ती वस्तू बिनतारी. बिनतारी वस्तूला दूरसंचाराचं प्रमाणपत्र लागतं. पुढचा!"

मी पिशवीतून माझी वायर काढली आणि खिडकीतून हात घालून बाईंच्या हातातल्या कार्डाला लावली. "आता?"

त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "आता तारेची झाली. पण पाकिटात ही तार नव्हती. म्हणजे तू वस्तूत फेरफार केलास." मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मला ते माझ्या बाजूने वाटलं. नंतर कळलं, ते माझ्यावरच वैतागले होते.

शेवटी मी सगळंच सांगून टाकलं. समोरच्या मावशी, मुलाचं लग्न, लग्नाला न पोचलेली आई.

बाईंचं चावणं थांबलं. "आई लग्नाला नव्हती? का?"

"बसमध्ये… प्रोमाया लागला."

"मानेला?"

"मानेला. डाव्या."

बाईंनी बुरेक बाजूला ठेवला, हात पुसले आणि शिक्का मारला. एकदा नाही, तीनदा. "माझ्या मोठ्या दिराला आगगाडीत लागला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजही डाव्या कानाने फक्त बायकोचं ऐकू येतं. जा पोरी, वेळ घालवू नकोस."

परतीच्या बसमध्ये मी सुन्न बसून होते. चार वर्षांच्या पदार्थविज्ञानाने जे झालं नाही, ते मी ज्याला अस्तित्वच नाही म्हणते त्या वाऱ्याने झालं होतं. बसची खिडकी अर्थातच बंद होती. आत अठ्ठावीस माणसं आणि एक कोंबडा घामाने निथळत होते, पण कुणाची काही तक्रार नव्हती.

*

कार्ड बसवताना अंगातली स्थिर वीज आधी काढून टाकावी लागते. नाहीतर नाजूक भाग जळतात. हे मला माहीत होतं. झिवोराद काकांनाही माहीत होतं, आणि ते बघायला म्हणून येऊन उभे होते.

"एक हात रेडिएटरवर ठेव, एक पेटीवर. पेटीचा प्लग भिंतीतच असू दे. म्हणजे सगळी वीज जमिनीत."

तत्त्व बरोबर होतं. म्हणून मी तसं केलं, आणि दोन्ही हातांतून मुंग्यांची एक वरात गेली. मी किंचाळले, स्क्रू-ड्रायव्हर सोफ्याखाली गेला, आईने स्वयंपाकघरातून "पोरीला मारलंत का हो?" असं विचारलं.

विचार केल्यावर कारण समजलं. भिंतीतल्या प्लगला जमिनीची तार असेल, तरच पेटीवर वीज साचत नाही. आमच्या प्लगला ती नव्हती. काकांनी लगेच इमारतीच्या व्यवस्थापकाला फोन लावला.

"जमिनीची तार आहे," व्यवस्थापक म्हणाले. "नकाशात आहे."

"भिंतीत नाहीये हो."

"नकाशात आहे म्हटल्यावर भिंतीत असायला हवी. तुम्ही भिंतीला विचारा."

मी प्लग काढला आणि काकांना तीन पावलं मागे उभं केलं. आता पत्र्याची पट्टी. ती वाकवून मोडायची असते. पण या पेटीतल्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडून कापलेल्या होत्या. एक ओढली तर दुसरीही कडकन हातात आली, आणि एकदा मोडलेली पट्टी परत बसत नाही. एका खाचेत कार्ड गेलं. दुसरी तशीच उघडी राहिली, बोटभर रुंद, वीतभर लांब.

मी आमच्याकडची एक डिस्क लावून मोजलं. सेकंदाला एकशे दहा मेगाबाइट! लग्न सव्वादोन तासांत आत. मी मावशींना हाक मारली. मावशी आल्या, त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खाली वाकल्या आणि उघड्या खाचेपुढे हात धरला.

"पाठ उघडी का याची?"

"असू दे मावशी. हवा खेळती राहते. उलट चांगलंच."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तान्ह्या बाळाला बर्फाचं पाणी पाजणाऱ्या बाईकडे पाहावं.

*

स्लावाच्या दिवशी कोशावा सुटला होता. हा आमचा आग्नेयेचा वारा. सुरू झाला की छपरावरच्या अँटेना एका दिशेला नमस्कार करतात. मावशींच्या घरात टेबलाभोवती माणसं दाटीवाटीने बसली होती. मध्ये स्लावाचा पाव आणि गहू, त्यांच्या मागे उंच मेणबत्ती. ही मेणबत्ती दिवसभर तेवली पाहिजे. ती कुणी फुंकायची नाही, आणि विझली तर त्या घराबद्दल लोक वर्षभर दबक्या आवाजात बोलतात.

स्त्राहिन्या सीमेवरच्या रांगेत अडकला आणि जेवणं निम्मी झाल्यावर उगवला. तीन मुके, तीन पेले, मग पाव कापायचा, कारण तो घरातल्या पुरुषानेच कापायचा असतो. मी डिस्कबद्दल विचारलं तर म्हणाला, "कोटाच्या खिशात बघ गं." कोट पलंगावर. पलंगावर पाहुण्यांचे बावीस कोट. त्याचा भिंतीकडून घसरून सर्वांत खाली.

पण डिस्क मिळाली. मी धावत आमच्या घरी आले, नव्या भोकात वायर घातली. एकशे बारा! हिशेब केला. सातच्या आत होत होतं, आणि थोडा वेळ उरतही होता.

मावशींना स्वतःच्या स्लावात बसवेना. पाहुण्यांना आईच्या हवाली करून, विणकाम घेऊन त्या माझ्या कॉम्प्युटरशेजारी येऊन बसल्या.

"किती झालं?"

"बारा टक्के."

"चर्चमध्ये पोचले का?"

"मावशी, ते असं नसतं. सगळे तुकडे एकामागून एक येतात, नावाच्या क्रमाने."

"म्हणजे नवरीच्या आधी केकही येऊ शकतो?"

"येऊ शकतो."

"रीतच नाही लोकांना काही," मावशी म्हणाल्या आणि सुया पुढे चालू झाल्या.

मी त्यांच्यासाठी कोबीच्या पानांत गुंडाळलेला सार्मा आणायला समोर गेले. तिथे कुणीतरी मला माझ्या लग्नाबद्दल विचारलं, कुणीतरी इस्त्रीबद्दल. ताटली घेऊन परतले, तर पडदा काळा.

"मी काही केलं नाही," मावशी म्हणाल्या. मी अजून काहीच विचारलं नव्हतं.

मग मला पेटीची पाठ दिसली. उघड्या खाचेत करडी लोकर ठासून भरली होती. पंख्याच्या जाळीवर लोकरीचा दुसरा गोळा. आणि क्रोशाचा रुमाल दुहेरी करून मागून खाली ओढून घेतलेला, जसं आजारी माणसाच्या पाठीवर पांघरूण घालावं तसा.

"मावशी! हे काय?"

"हात लावून बघ जरा! केवढं तापलंय ते, नुसतं घामाघूम. आणि पाठ उघडी, तिच्यावर तुझ्या दाराच्या फटीतला वारा! तू माणूस आहेस की कोण?"

मी पेटी उघडली. लोकरीचं टोक पंख्याने आत खेचून घेतलं होतं आणि दांड्याभोवती इतके वेढे दिले होते की तिथे एक छोटं हातमोज्याचं बोटच विणून झालं होतं. तीन पाती मोडली होती. या पेटीत पंखा एकच असतो. तोच सगळं थंड ठेवतो. मी लोकर कापली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मिनिटभरात सत्तर अंश, मग ऐंशी, पंच्याण्णव, आणि फट्. पुन्हा काळा.

आत आलं होतं दोनशे बारा जीबी. मी नावं वाचली. केक होता. बँड होता. पार्किंगची जागा तिन्ही कॅमेऱ्यांनी होती. चर्च नव्हतं.

मावशींनी मांडीवरचं विणकाम उचललं, सुई काढली आणि टाके उसवायला लागल्या. त्यांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"टेबलफॅन लाव समोर," दारातून झिवोराद काका म्हणाले. हातात पेला होता.

"कुणाकडे आहे, काका?"

आमच्या इमारतीत पंखा नाही. सहाव्या मजल्यावर एक भाडेकरू घेऊन आला होता. लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, मग त्याने गाव सोडलं.

मी पेटीची बाजू काढून ती पूर्वेच्या खिडकीखाली आणली आणि खिडकी उघडली. आईने छातीवर क्रॉस काढला. कोशावा आत आला, पडदे फुगले, आणि तेवढ्यावरच थांबलं. हवा आत येते पण तिला जायला वाट हवी. वाट नसेल तर ती वाहत नाही. नव्वद अंश. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. त्याचा अर्थ काय ते आत्ता माझ्या लक्षात आलं.

"वारा आरपार जायला हवा," मी म्हणाले. "ही खिडकी, आमचं दार, मावशींचं दार, आणि मावशींची पश्चिमेची खिडकी. चारही उघडी. लग्न पूर्ण येईपर्यंत."

समोरच्या घरात कुणाच्या तरी हातून चमचा पडला. बावीस माणसांनी ऐकलं होतं.

"वेडी झाली ही," कुणीतरी म्हणालं. "शिकून शिकून."

"पोरी, मध्ये टेबल आहे. टेबलावर मेणबत्ती आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मेणबत्ती विझली तर?"

स्त्राहिन्या उठून आला. "आई, जाऊ दे. मी गेर्नोटला विचारतो पुन्हा."

"तू दीड वर्ष विचारतोयस, बाळा," मावशी म्हणाल्या. त्यांनी शाल डोक्यावरून घेतली, गळ्याशी गाठ मारली, स्वतःच्या घरात गेल्या, आणि खिडकीपाशी उभ्या राहून, मान वळत नाही म्हणून अख्ख्या डावीकडे वळून, कडी काढली.

मी आजवर अनेक प्रयोग पाहिले आहेत. इतक्या माणसांना एकाच क्षणी कोट घालताना पाहिलं नव्हतं. कागदी रुमाल उठून छताला लागले. कॅलेंडरने मार्चपर्यंतची पानं उलटली. एका काकूंनी सूपच्या वाटीवर हात ठेवला, दुसरा हात दातांवर. झिवोराद काकांनी सार्माचं रिकामं पातेलं मेणबत्तीभोवती आडवं धरलं, वर आपली केसाळ टोपी धरली आणि ओरडले, "माझी चरबी वितळली तरी चालेल, पण मी हलणार नाही!" टोपीचा वास थोड्याच वेळात आला. हलले नाहीत.

एक अडचण उरली. दारं थांबेनात. वाऱ्याने दोन्ही दाणकन आपटत होती. एक धरलं की दुसरं. आमच्या दाराला आईने शिवणयंत्र लावलं. मावशींच्या दाराला लावायला जड असं काही नव्हतं, आणि माणूस कुणी पुढे येईना. उभं राहायचं ते बरोब्बर वाऱ्याच्या मधोमध, मान उघडी टाकून. मी निघाले, तर मावशींनी मला ढकललं.

"तू आकडे बघ. हे माझ्या मुलाचं लग्न आहे."

आणि त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

एकाहत्तर अंश. एकसष्ट. सेकंदाला एकशे बारा मेगाबाइट. राहिलेले तुकडे आत येऊ लागले.

"किती झालं?" मावशी जिन्यापलीकडून ओरडायच्या.

"चाळीस टक्के!"

"चर्च?"

"अजून नाही!"

पाचव्या मजल्यावरची माणसं खाली आली; खिडक्या सताड उघड्या दिसल्या म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असा आमच्याकडे समज आहे. त्यांनी मावशींचा हात हातात घेऊन सांत्वन केलं. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "अजून कुणी नाही," काका पातेल्यामागून म्हणाले. मग तीही माणसं कोट न काढता जेवायला बसली. स्लावाला बोलावणं लागत नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजू लागला तेव्हा सत्त्याण्णव टक्के झालं होतं. स्त्राहिन्या एक बाही घालून जिन्यात उभा. ड्रायव्हर खालून काय म्हणत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग पट्टी भरली. मी डिस्क उपटून स्त्राहिन्याच्या हातात कोंबली. त्याने आईचे मुके घेतले, उजवा, डावा, उजवा, आणि प्रत्येक वेळी स्वतःच तिच्याभोवती फिरला.

चारही झडपा बंद झाल्या. मेणबत्ती तेवत होती. काकांच्या टोपीला बशीएवढं भोक पडलं होतं.

पाहुणे गेले. मी पेटी थोडी थंड होऊ दिली, खिडकी बोटभर किलकिली ठेवली आणि चर्च लावलं. व्हिडिओ दाखवायला कॉम्प्युटरला फारसे कष्ट पडत नाहीत. मावशी खुर्चीत ताठ बसल्या, निळा ड्रेस घालून. तो त्या कधी बदलून आल्या ते मला कळलंच नव्हतं.

नवरी आत आली. स्त्राहिन्या टाय सैल करत उभा. मावशी पुढे झुकल्या, आणखी झुकल्या. आणि एकदम खुर्चीच्या दांड्यावर हात मारला.

"अगं बघ! दोन्ही दारं उघडी! पुढचंही आणि बाजूचंही! ती डोक्यावरची जाळी बघ कशी उडतेय तिची. एवढी ऐंशी माणसं, एकाच्याही लक्षात येऊ नये?"

"मावशी, जून महिना होता."

"जून असो नाहीतर काही. मी असते तर उठून दार लावलं असतं." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, हळू: "मी असते तर लावलं असतं."

आईने त्यांच्या हातात कप दिला. आम्ही चर्च आणखी दोनदा बघितलं. पार्किंगची जागा मावशींनी वगळू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोनमापक घेऊन त्यांच्याकडे गेले. डावीकडे तेच चाळीस अंश. उजवीकडे, बहात्तरांच्या जागी, एकेचाळीस.